मदत हवी आहे: वणव्यानंतर डोंगरवाट दुरुस्त करायची आहे

नमस्कार मंडळी. कात्रज ते सिंहगड या डोंगररांगेतल्या एका उतारावर उन्हाळ्यात वणवा लागला. आम्ही काही मित्र दर रविवारी तिथे जातो. परवा गेलो तर सगळा उतार काळा, वाट ओळखूसुद्धा येईना. टिटवीची अंडी जळालेली पाहिली आणि पोटात कालवलं.

आता खरी भीती पावसाची आहे. गवताने धरून ठेवलेली माती उघडी पडली आहे. जूनमध्ये पहिल्याच जोरदार सरीत पाणी वाटेवरून धावेल आणि वाटेचा ओढा होईल. वन विभागाची परवानगी मिळाल्याशिवाय आम्ही काहीही करणार नाही, अर्ज दिला आहे. तोवर जाणकारांकडून समजून घ्यायचं आहे.

वाटेवर तिरपे दगड रोवून पाणी बाजूला काढायचं, तर चढ जास्त असेल तिथे दोन ओळींत अंतर किती ठेवता? दगड किती खोल गाडता? शिवाय, कुसळी आणि पवन्या या गवतांची मुळं जिवंत असतील तर पावसात आपोआप फुटतील असं मला वाटतं, पण काही मित्र बी पेरायचं म्हणतात. झाडं लावायचा आग्रहही होतोय. माझा त्याला विरोध आहे, हा माळ गवताचाच आहे, आणि गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे परदेशी झाड तर नकोच.

लोकांनी नव्या चोरवाटा पाडू नयेत म्हणून काय केलंत, तेही सांगा. असं काम प्रत्यक्ष केलेलं कुणी पुण्यात असेल, तर एक रविवार आमच्यासोबत वर याल का?