उबुंटू: काढलेली पॅकेजेस यादीत 'आरसी' म्हणून का उरतात?

प्रश्न: 'एपीटी रिमूव्ह' या कमांडने पॅकेजेस (इन्स्टॉल केलेली सॉफ्टवेअर) काढली, तरी पॅकेजेस दाखवणाऱ्या 'डीपीकेजी -एल' कमांडच्या यादीत त्यांच्यापुढे 'आरसी' दिसतं. पूर्ण कशी जातील?

उत्तर: 'आर' म्हणजे काढायचं ठरलेलं, 'सी' म्हणजे कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइली शिल्लक. पुन्हा इन्स्टॉल केल्यास जुन्या सेटिंग मिळाव्यात म्हणून रिमूव्ह '/ईटीसी'मधल्या त्या फाइली ठेवतं. त्या फाइलींसकट काढायला 'सुडो एपीटी पर्ज' आणि पुढे पॅकेजचं नाव द्या.

उत्तर: थांबा, यादीत मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेससारखा डेटाबेस आहे का ते आधी बघाच! पर्जमध्ये '/व्हार/लिब'मधला डेटाही जाऊ शकतो. त्याचा डंप (बॅकअप प्रत) घेऊन ठेवा. होम फोल्डरमधल्या लपलेल्या फाइली मात्र पर्जनंतरही राहतात, त्या हाताने काढा.

उत्तर: नंतर 'ऑटोरिमूव्ह' (गरज न उरलेली पॅकेजेस आपोआप काढणारी कमांड) चालवणार असाल तर आधी '-एस' लावून, म्हणजे काहीही न काढता, यादी वाचा. हवं असलेलं पॅकेज त्यात दिसलं, तर त्याला 'एपीटी-मार्क मॅन्युअल' करा, म्हणजे ते आपोआप काढलं जाणार नाही.