कादर इद्रिस चढलेल्यांनो, लिहा! (अनुभव धागा)

ब्रिटनमधली आपली भटकी मंडळी वेल्सला गेली की बहुतेक स्नोडन हा तिथला सगळ्यात उंच डोंगर करून परततात. तिथून दक्षिणेला 893 मीटरच्या कादर इद्रिस डोंगराकडे फारसं कोणी वळत नाही, याची मला मनापासून खंत आहे. इद्रिस नावाचा महाकाय पुरुष इथे बसून तारे न्याहाळायचा, हे त्याचं आसन. इथे रात्र काढणारा सकाळी कवी होऊन उठतो, नाहीतर वेडा होऊन, असं म्हणतात. वाट, हवा, ऐकलेल्या गोष्टी, सगळं लिहा.

* * *

आम्ही मिनफोर्थकडून चढलो. सुरुवातीलाच ओकच्या रानातून दगडी पायऱ्या, बाजूला खळाळता ओढा. पोटऱ्या भरून येतात. रान संपतं, दरी वळते आणि पुढ्यात येतं ‘लिन काय’ नावाचं काळंशार तळं, तिन्ही बाजूंनी अंगावर येणारे कडे. पूर्वी लोकांना हे ज्वालामुखीचं तोंड वाटायचं. खडक ज्वालामुखीचेच, सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वीचे. पण हा खळगा हिमनदीने कोरलाय. वाटेवरच्या गुळगुळीत खडकांवरून हात फिरवून बघा, एकाच दिशेने गेलेले चरे बोटांना लागतात. बर्फात अडकलेल्या दगडगोट्यांनी ते ओरखडलेत. आपल्या सह्याद्रीत लाव्हा भरपूर, पण ही बर्फाची कारागिरी नाही. मी तिथून हलायलाच तयार नव्हते.

* * *

उतरलो होतो त्या घरातल्या आजींनी आन्नूनच्या कुत्र्यांची गोष्ट सांगितली. आन्नून म्हणजे तिथला परलोक. ही कुत्री या डोंगरावर शिकारीला निघतात आणि त्यांचं भुंकणं कानी पडलं की मरण आलंच. लांब असताना आवाज मोठा, जवळ येतील तसा बारीक होत जातो! दुसऱ्या दिवशी धुक्यात मेंढी ओरडली तरी दचकत होतो.

* * *

माथ्यावर छप्पर असलेली दगडी खोली आहे. पावसात तिथे बसून खाल्लेल्या मेथीच्या ठेपल्यांना तोड नाही. मग ढग फाटले आणि मॉदाखची खाडी, तिच्यावरचा बार्मथचा लांबलचक रेल्वे पूल, सगळं लख्ख दिसलं.

* * *

खालचं ताल-अ-लिन तळंही चुकवू नका. तिथली दरी हिमनदीने रुंद केली आणि नंतर दरड कोसळून पाणी अडलं. टी नांटकडून, पोनी पाथने कोणी गेलंय का? आईला घेऊन जायचंय, ती वाट कितपत सोपी आहे ते सांगा.