मदत हवी आहे: जुन्या डेस्कटॉपला हार्ड डिस्क दिसेना

राम राम मंडळी. सेलूला आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. तिथला कोअर टू ड्युओचा जुना डेस्कटॉप, परवा लाइट गेली-आली तेव्हापासून हार्ड डिस्क ओळखेना. बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) साटाच्या, म्हणजे डिस्क जोडायच्या पोर्टच्या, सगळ्या ओळींपुढं 'नॉट डिटेक्टेड'. तारीखही मागं जात होती म्हणून बोर्डावरचा सीआर २०३२ बटण सेल बदलला. तारीख टिकली, डिस्क काही आली नाही. केबल, पोर्ट बदलून झाले.

कान लावला तर डिस्क फिरायला लागते, टक्-टक् करते, गप्प होते, परत फिरते. पण भावाच्या पीसीची चांगली चालणारी डिस्क लावली तर तीही इथं दिसत नाही! मग दोष एसएमपीएसचा (वीज पुरवणाऱ्या डब्याचा) का मदरबोर्डाचा? मल्टिमीटर आहे. पिवळ्या वायरवर १२ आणि लालवर ५ व्होल्ट बघायचे एवढं कळतं, पण डिस्क जोडून मोजायचं का नुसतं?

रिपेअरवाला म्हणतो फॉरमॅट मारू. जी दिसतच नाही ती फॉरमॅट कशी करणार, देव जाणे. आत टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) खरिपाची सगळी उधारी आहे, तिला धक्का नको. परभणी-जालन्याकडं डेटा काढून देणारं भरवशाचं कुणी असलं तर तेही सांगा.