‘बाउंडरी ऑब्जेक्ट’ला मराठीत काय म्हणाल?

कोरडवाहू: पाणलोटावर काम करणाऱ्या एका गटाबरोबर वर्षभर फिरतोय. मृदावाली, सांख्यिकीवाला, समाजशास्त्रवाली अशी सरमिसळ. ते एकमेकांशी कसं जमवून घेतात ते टिपणं हेच माझं काम. लेख मराठीत लिहायचाय आणि ‘बाउंडरी ऑब्जेक्ट’पाशी अडलोय, म्हणजे वेगवेगळ्या गटांतले लोक जी आपापल्या अर्थाने वापरतात आणि तरी जिच्यामुळे त्यांचं काम एकत्र चालतं, अशी वस्तू. ‘सीमावस्तू’ म्हटलं की कस्टमच्या गोदामातला माल वाटतो.

बोरूबहाद्दर: संकल्पना सुसान ली स्टार आणि जेम्स ग्रीसेमर या विज्ञानाच्या अभ्यासकांची, १९८९ची. अभ्यास अमेरिकेतल्या बर्कलीच्या पृष्ठवंशीय प्राण्यांच्या संग्रहालयाचा. प्राणी एकच, पण सापळेवाल्याला त्याचे पैसे हवेत, आणि संचालक ग्रिनेल यांना तो नेमका कुठे, कधी सापडला याची नोंद. सगळ्यांचं एकमत व्हायची वाट कोणी पाहिली नाही. नोंदीची पद्धत ठरवली आणि काम चाललं. पुढे २०१०मध्ये स्टारबाईंनीच खुलासा केला, की इथे ‘बाउंडरी’ म्हणजे कड नव्हे, सामाईक जागा. तेव्हा ‘सीमा’ बादच.

शेवंता: मग ‘बांध’ घ्या की! तो दोघांचा असतो. (त्यावरून डोकी फुटतात ते सोडा.)

कोरडवाहू: ‘बांधवस्तू’ म्हणजे सिमेंट-विटा वाटतील हो.

बोरूबहाद्दर: ‘सामाईक वस्तू’ही नको. सामाईक विहिरीचं पाणी सगळ्यांना सारखंच. इथे प्रत्येकाला वेगळं दिसायला हवं.

शेवंता: सातबाऱ्यासारखं! शेतकरी मालकी बघतो, बँक बोजा बघते, कृषी खातं पीकपाहणी.

कोरडवाहू: नेमकं! आमच्यात ‘नमुना’ असाच आहे. मृदावालीचा नमुना म्हणजे आठ-दहा ठिकाणची माती कालवून पिशवीत भरलेली अर्धा किलो. सांख्यिकीवाल्याचा म्हणजे निवडलेली घरं. तलाठ्याचा तर गाव नमुना. परवा बैठकीत ‘नमुने कमी पडतायत’ यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी ही पिशव्या शिवायला टाकून आली, तो घरांची यादी वाढवत बसला.

बोरूबहाद्दर: तो निव्वळ घोटाळा झाला. वस्तू दोघांच्या कामी यायला हवी. पिशवीत चिठ्ठी टाकता ना?

कोरडवाहू: हो, शेतकऱ्याचं नाव, गट क्रमांक, तारीख. अरेच्चा! सांख्यिकीवाला त्या गट क्रमांकावरूनच घर आणि माती जोडतो. समाजशास्त्रवाली त्याच चिठ्ठीवरून विचारते, जमीन हिची तर नाव दिराचं कसं?

शेवंता: मग ‘सांधा’. लाकडं दोन राहतात, चौकट एक होते.

कोरडवाहू: ‘सांधवस्तू’. घेतला. पहिल्यांदा येईल तिथे सातबाऱ्याचं उदाहरण देतो.

शेवंता: माझा बांध कोरलात तो कोरलातच.