मे अखेरीस आइसलंड: ८ रात्रींत गाडीने संपूर्ण वर्तुळ करावे की दक्षिण किनाऱ्यावरच राहावे?

गंगापूररोडकर (प्रश्न):

नमस्कार. गेल्या पावसाळ्यात अंजनेरी चढताना माझ्या १२ वर्षांच्या मुलाने विचारले की, हा सगळा डोंगर जर लाव्हारसाचा आहे, तर तो रस वाहत असताना ही जागा कशी दिसत असेल. त्या प्रश्नाच्या मागे लागून आम्ही आइसलंडपर्यंत पोहोचलो आहोत. मुलाची शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते, त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस निघून जूनच्या पहिल्या आठवड्यात परतायचे असे ठरवले आहे. तिथे ८ रात्री मिळतील. आमच्याबरोबर पत्नी आणि ६८ वर्षांची आई असेल. आई सपाटीवर तासभर सहज चालते, परंतु गुडघ्यांमुळे तिला मोठे चढ-उतार जमत नाहीत.

देशाला वळसा घालणारा क्रमांक १ चा रस्ता सुमारे १,३२२ किलोमीटरचा आहे. त्याला ८ ने भागले तर रोजचे साधारण १६५ किलोमीटर होतात, म्हणजे नाशिकहून मुंबई गाठण्याइतकेच, आणि म्हणून संपूर्ण वर्तुळ सहज होईल असे मला वाटते. कसारा घाट आणि सापुतारा मी अनेकदा पार केले आहेत, मात्र रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी कधीही चालवलेली नाही. माझा हिशेब कुठे चुकतो आहे का, चारही चाकांना ताकद देणारी गाडी घ्यावीच लागेल का, आणि आईला हिमनदी जवळून पाहता येईल का, हे ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांनी कृपया सांगावे.

सह्यवाटा:

आपला भागाकार बरोबर आहे, पण तो नाशिक-मुंबई रस्त्याला लागू पडतो, या रस्त्याला नाही. मुंबईला जाताना आपण इगतपुरीला चहासाठी एकदा थांबतो. तिथे मात्र दर वीस-तीस किलोमीटरवर असे काहीतरी समोर येते की गाडी थांबवल्याशिवाय राहवत नाही, आणि प्रत्येक थांब्याला तास-दीड तास सहज जातो. शिवाय अनेक ठिकाणे मुख्य रस्त्यापासून आत आहेत, त्यांचे किलोमीटर आपल्या हिशेबात आलेलेच नाहीत.

आम्ही दोघांनी जून २०२३ मध्ये ९ दिवसांत संपूर्ण वर्तुळ केले आणि त्याची मला आजही हळहळ वाटते. आग्नेय किनाऱ्यावरच्या हॉप्न गावाहून उत्तरेकडील मिवात्न सरोवरापर्यंतचा चारशेहून अधिक किलोमीटरचा टप्पा आम्ही एका दिवसात उरकला. पूर्वेकडचे सगळे फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेले समुद्राचे चिंचोळे फाटे, धुक्यात गेले, आणि ज्या देत्तिफॉससाठी उत्तरेला जायचे होते, तो ४४ मीटर उंचीचा आणि सुमारे १०० मीटर रुंदीचा राखाडी पाण्याचा प्रचंड धबधबा आम्ही पंधरा मिनिटांत पाहून निघालो. रात्री मुक्कामी पोहोचल्यावर गाडी चालवणाऱ्याला जेवण्याचेही त्राण नव्हते. आपल्याकडे गाडी चालवणारे एकटे आपणच आहात असे दिसते, म्हणून हे अधिक आग्रहाने लिहीत आहे.

माझा सल्ला असा की आपण हॉप्नपर्यंत जावे आणि त्याच रस्त्याने परत यावे. पहिली रात्र रेक्याविकमध्ये काढावी, कारण नाशिकहून निघाल्यापासून दोन विमाने आणि बरेच जागरण झाल्यावर लगेच गाडी हाती घेणे योग्य नाही. दुसऱ्या दिवशी थिंगवेट्लिर राष्ट्रीय उद्यान, स्ट्रोक्कुरचे दर काही मिनिटांनी उसळणारे गरम पाणी आणि गुत्लफॉस धबधबा पाहून हेत्ला गावाच्या आसपास मुक्काम करावा. त्यानंतर दक्षिण किनाऱ्यावरच्या वीक गावात दोन रात्री, हॉप्नमध्ये दोन रात्री, परतीच्या वाटेवर किर्क्युबायारक्लाउस्तुर गावात एक रात्र आणि शेवटची रात्र विमानतळाजवळ काढावी. परतताना तोच रस्ता पुन्हा येतो याचे वाईट वाटून घेऊ नये. जाताना पावसात झाकलेली हिमनदी येताना उन्हात दिसली, तर तो वेगळाच रस्ता वाटतो.

त्या दिवसांत सूर्य रात्री साडेअकराच्या सुमारास मावळतो आणि पूर्ण अंधार होतच नाही. त्यामुळे ध्रुवीय प्रकाश दिसणार नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवावे. मात्र स्कोगाफॉससारख्या ठिकाणी रात्री नऊनंतर गेल्यास बसगाड्यांची गर्दी ओसरलेली असते आणि ६० मीटरच्या त्या धबधब्यासमोर आपण जवळजवळ एकटे असतो. त्याची पायथ्याची वाट सपाट आहे, त्यामुळे आईंनाही अगदी जवळ जाता येईल.

एक गोष्ट आमच्या पदरच्या पैशाने शिकलो. वीकजवळ गाडी वाऱ्याकडे पाठ करून उभी केली होती. दार उघडताच वाऱ्याने ते हातातून हिसकावून पुढे पिळले. ज्या कंपनीची गाडी होती तिने दुरुस्तीचा सगळा खर्च आमच्याकडून घेतला, कारण वाऱ्याने दाराचे झालेले नुकसान विम्यात बसत नाही, आणि ही अट करारात आहे हे आम्हाला गाडी घेताना कोणी सांगितले नव्हते. गाडीचे तोंड वाऱ्याच्या दिशेने ठेवावे आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडावे.

काळा_पाषाण:

मी नाशिकमध्येच अनेक वर्षे भूगोल शिकवला, त्यामुळे आपल्या मुलाच्या प्रश्नाने मला मनापासून आनंद झाला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर तिथे दोन वेगळ्या ठिकाणी मिळेल, आणि दुसरे ठिकाण बहुतेक लोक वगळतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिले ठिकाण म्हणजे किर्क्युबायारक्लाउस्तुरच्या पश्चिमेला असलेले एल्द्हरौन. १७८३ च्या जूनमध्ये लाकी येथे जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि पुढचे आठ महिने त्यातून लाव्हा वाहत राहिला. सुमारे ५६५ चौरस किलोमीटर जमीन त्याखाली गेली, आणि विषारी वायूंमुळे गुरे मेल्यावर आलेल्या दुष्काळात देशातील सुमारे एक पंचमांश माणसे दगावली. आज त्या लाव्हावर हिरव्या-राखाडी शेवाळाची जाड गादी आहे आणि क्रमांक १ चा रस्ता तिच्यामधूनच जातो. अंजनेरी, ब्रह्मगिरी, पांडवलेणी ज्या खडकाची आहेत तो बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मुख्यत्वे अशाच भेगांमधून बाहेर पडला, असे मानले जाते. म्हणजे शंकूसारख्या डोंगराच्या तोंडातून उडणारी आग नव्हे, तर जमीन उकलून पसरलेला पूर, हे चित्र मुलाच्या डोळ्यांसमोर तिथे उभे राहील. त्या शेवाळावर पाय मात्र ठेवू देऊ नये. एका पावलाचा ठसा भरून यायला कित्येक वर्षे लागतात.

दुसरे ठिकाण म्हणजे हॉप्नच्या पुढे सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या द्युपिवोगुरचा परिसर. पूर्वेकडचे हे डोंगर देशातील जुन्या खडकांचे आहेत, आणि थरावर थर रचलेल्या त्यांच्या पायऱ्या पाहिल्यावर आपण त्र्यंबकच्या रस्त्यावर आहोत असा भास होतो. तिथेच तेइगार्होर्न नावाची संरक्षित जागा आहे, जी झिओलाइटच्या स्फटिकांसाठी प्रसिद्ध आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात आपण जे स्टिलबाइट आणि ह्यूलँडाइट काचेआड पाहतो, त्याच जातीची खनिजे. थंड झालेल्या लाव्हातील पोकळ्यांमधून गरम पाणी दीर्घकाळ झिरपत राहिले की ती तयार होतात. निघण्यापूर्वी मुलाला एकदा सिन्नरला नक्की नेऊन आणावे. तेइगार्होर्नमधून एक खडाही उचलायला परवानगी नाही, हेही त्याला तिथेच सांगता येईल.

स्काफ्टाफेत्लजवळ रस्त्याच्या कडेला पुलाच्या पिळवटलेल्या लोखंडी तुळया स्मारक म्हणून ठेवल्या आहेत. वात्नायोकुत्ल या हिमक्षेत्राच्या खाली ज्वालामुखी आहेत. १९९६ मध्ये तिथल्या उद्रेकाने बर्फ वितळून पाणी साठत गेले आणि नोव्हेंबरमध्ये ते एकदम सुटले, तेव्हा सेकंदाला ४५ ते ५० हजार घनमीटर पाणी इथल्या काळ्या वाळूच्या मैदानावरून गेले आणि तो पूल मोडून पडला. गोदावरीचा पूर आपण दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतो; तो मनात ठेवून त्या तुळयांसमोर उभे राहावे.

चक्रधर:

वरील दोन्ही प्रतिसादांचा आदर राखून थोडा मतभेद नोंदवतो. उत्तरेकडील मिवात्न, तिथले उकळत्या चिखलाचे कुंड आणि क्राफ्ला ज्वालामुखीचा परिसर वगळणे हा लहान त्याग नाही. १० ते १२ रात्री आणि गाडी चालवणारे दोघे असतील, तर संपूर्ण वर्तुळच करावे. आपल्या ८ रात्रींत आणि एकट्याच्या हाती मात्र सह्यवाटा यांचेच म्हणणे मान्य करावे लागेल.

गाडीबद्दल सांगायचे तर दक्षिण किनाऱ्याचा मुख्य रस्ता डांबरी आहे, त्यामुळे उन्हाळ्यात साधी गाडी पुरते. ज्या रस्त्यांच्या क्रमांकाआधी ‘एफ’ अक्षर असते ते अंतर्भागातले डोंगरी रस्ते, आणि त्यांवर चारही चाकांना ताकद देणारी गाडी कायद्यानेच लागते. परंतु ते साधारण जूनच्या उत्तरार्धापासून पुढे टप्प्याटप्प्याने उघडतात, म्हणजे आपल्या तारखांना त्यांचा प्रश्नच येत नाही. तो पैसा खडी आणि वाळूच्या नुकसानीच्या जादा विम्यावर खर्च करावा.

उजव्या बाजूची सवय दोन तासांत होते, खरी चूक होते ती पेट्रोल भरून किंवा रिकाम्या वाहनतळातून बाहेर पडताना, म्हणून त्या क्षणी शेजारी बसणाऱ्याने मोठ्याने आठवण करून द्यावी. दोन मार्गिकांच्या वाटोळ्या चौकात बाहेर पडताना आतल्या मार्गिकेतील गाडीला प्राधान्य असते, आणि हे आपल्या द्वारका चौकातील सवयीच्या पूर्ण उलट आहे. एकपदरी पुलांवर जो आधी पोहोचतो तो आधी जातो, तरीही समोरच्याचा वेग पाहून थांबणे केव्हाही चांगले. वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ९०, खडीच्या रस्त्यावर ८० आणि गावात ५० आहे, दिवे दिवसाही लावावे लागतात आणि रस्ता सोडून गाडी घालणे हा गुन्हा आहे. रोज सकाळी हवामान खात्याचा वाऱ्याचा अंदाज आणि रस्त्यांची स्थिती पाहिल्याशिवाय निघू नये. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातील अनेक देशांचा सामाईक, लागतो. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओतून मिळतो आणि तो एक वर्ष चालतो. माझ्याकडे पासपोर्टबरोबर व्हिसा आणि तिकिटाच्याही प्रती मागितल्या होत्या, त्यामुळे व्हिसा आधी मिळवावा. मूळ परवानाही बरोबर ठेवावा.

गंगापूररोडकर:

तिघांचेही मनःपूर्वक आभार. संपूर्ण वर्तुळाचा विचार आम्ही सोडला असून हॉप्नच्या दोन रात्रींपैकी मधला दिवस द्युपिवोगुरसाठी ठेवला आहे. पुढच्या रविवारी सिन्नरला जात आहोत. आईच्या हिमनदीचा प्रश्न तेवढा राहिला आहे.

सह्यवाटा:

क्षमस्व, तो माझ्याकडून राहून गेला. योकुलसार्लोन हे सरोवर आईंसाठी सर्वांत उत्तम आहे, कारण वाहनतळापासून काही पावलांवरच हिमनदीतून तुटलेले निळे-पांढरे बर्फखंड तरंगताना दिसतात, आणि रस्त्याच्या पलीकडच्या काळ्या वाळूवर तेच तुकडे लाटांनी येऊन पडलेले असतात. जमिनीवरून थेट पाण्यात उतरणारी मोठी बोटही आहे, तिच्यात चढायला शिडी लावलेली असते. आमच्या बोटीत सत्तरीतल्या दोन आजी होत्या. हिमनदीवर प्रत्यक्ष चालायचे असल्यास आपण आणि मुलाने वाटाड्याबरोबरच जावे, आणि उन्हाळ्यात बर्फाच्या गुहेत नेण्याचे कोणी सांगितले तरी नकार द्यावा, कारण ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच भागात बर्फ कोसळून एका पर्यटकाचा मृत्यू झाला होता.

वीकजवळच्या रेनिसफ्यारा किनाऱ्यावर मुलाचा हात सोडू नये. तिथे शांत लाटांच्या मागून अचानक एखादी लाट खूप आत येते आणि माणसाला ओढून नेते. प्रवेशापाशी इशाऱ्याचे दिवे आहेत. लाल दिवा असेल तर वरूनच समुद्र पाहावा. आईंसाठी टोपीऐवजी कानांवरून घट्ट बसणारी लोकरीची कानटोपी आणि वारा अडवणारे जाकीट घ्यावे, छत्री घरीच ठेवावी.