जुनी नावं पुन्हा पाळण्यात: तुमच्या घरचे अनुभव लिहा

बहिणीच्या बाळासाठी नावं शोधणं सध्या घरात जोरात चालू आहे. यादीत विहान, कियान यांच्या जोडीला माधव, मुकुंद, जानकी, गोदा अशी नावं आली आणि घरात दोन तट पडले. आई म्हणते, "ही आमच्या आजेसासूबाईंच्या वेळची नावं, पोरांना चिडवतील." बहिणीला नेमकी तीच आवडली आहेत. मला वाटतं, आई-वडिलांच्या पिढीतलं नाव आपल्याला शिळं वाटतं, पणजीचं वाटत नाही, कारण त्या नावाचं माणूस आपण रोज पाहिलेलं नसतं. तुमच्याकडे काय झालं? नाव कुणाचं, घरचे काय म्हणाले, मुलाला स्वतःला काय वाटतं, हे सविस्तर लिहा. नुसत्या याद्या नकोत, त्या भरपूर मिळतात.

गोदाची आई

आमची गोदावरी आता दुसरीत आहे. नाव नवऱ्याच्या पणजीचं, म्हणजे सासूबाईंच्या आजेसासूचं, आणि विरोध सासूबाईंचाच होता. थोरल्यांचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, या शिस्तीत त्यांचं आयुष्य गेलं. नाशिकला जाऊन आल्या तरी "नदीवर गेलो होतो" एवढंच सांगायच्या, नदीचं नाव घेत नसत. "ज्यांचं नाव जन्मात घेतलं नाही, त्या नावाने पोरीला ओरडू कशी?" हा त्यांचा प्रश्न मला अजिबात हास्यास्पद वाटला नाही. कित्येक महिने त्या तिला छकुली म्हणत होत्या. मग एकदा लसीकरणाच्या रांगेत नर्सने "गोदावरी कोण?" म्हणून पुकारलं. मी फॉर्म भरत होते. सासूबाई बाळाला घेऊन उठल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "ही आमची गोदावरी." त्या दिवसापासून घरात तेच नाव. वर्गात दोन आरोही आहेत, त्यांना आडनावासकट हाक मारावी लागते. गोदा एकच आहे, आणि ती हे सगळ्यांना सांगत सुटते.

प्राथमिक शाळेतल्या बाई

हजेरीपत्रक वाचण्यात माझी नोकरी गेली, म्हणून थोडं जास्त लिहिते. सुरुवातीला अमोल, सचिन, नीलेश, योगेश आणि दीपाली, सोनाली, रूपाली. मग ओंकार, प्रतीक, श्रावणी आले. मग अथर्व, आर्या, आणि आता आरव, विहान, अन्वी. पण गेल्या काही वर्षांत मध्येच एखादा मुकुंद, एखादी रमा, जिजा, मुक्ता येते आणि वर्गात वेगळीच हवा येते.

परत येणारी नावं बहुतेक दोन-तीन अक्षरांची आहेत, आणि मागचं बाई, राव, पंत गळून पडलेलं आहे. इतिहासाच्या पुस्तकात जिजाबाई, सईबाई, हजेरीत जिजा, सई. तेवढ्या कात्रीने नाव एकदम ताजं होतं. याउलट कुमुदिनी, सुलोचना, शकुंतला, पुरुषोत्तम, दामोदर यांच्याकडे अजून कुणी वळलेलं माझ्या वर्गात तरी दिसलं नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं. कुमुदिनी हे किती देखणं नाव आहे! राधा आणि मीरा मात्र "परत आल्या" असं मी म्हणणार नाही, त्या कधी गेल्याच नव्हत्या.

सातारा जिल्ह्यातून

सगळीच जुनी नावं परत येऊ नयेत. आमच्या वर्गात एक नकुसा होती, घरातली तिसरी मुलगी. हजेरी देताना ती मान वर करत नसे. 2011 मध्ये आमच्या जिल्ह्यात नकुसा नावाच्या 285 मुलींना समारंभ करून नवी नावं दिली, तेव्हा मला पहिल्यांदा तीच आठवली. दगडू, धोंडू, कचरू यांना मात्र मी या रांगेत बसवणार नाही. आधीची मुलं दगावली, आता याला कुणाची नजर लागू नये, म्हणून ठेवलेली ती नावं. माझे आजोबा धोंडिबा. त्या नावात त्यांच्या आईची धास्ती होती आणि मायाही.

दत्तात्रय

वर्गात राहुल, अमित, सचिन असताना मी आजोबांचं नाव घेऊन बसलो होतो. कॉलेजात स्वतःची ओळख दत्ता अशीच करून द्यायचो, तरी मागून "काय दत्तोपंत" यायचंच. आता ऑफिसातली नवी मुलं विचारतात, "सर, पूर्ण नाव का लिहीत नाही? भारी आहे." नाव तेच आहे, फक्त माझ्याकडे एक पिढी लवकर आलं. मुलाचं नाव केशव ठेवलं. त्याला आजवर कुणी चिडवलेलं नाही.

इंग्लंडहून

इथेही हेच चाललंय. मुलाच्या नर्सरीत आर्थर आणि एल्सी आहेत, शेजारच्या आजींना तर आपल्या आई-वडिलांच्या पिढीतली माणसं आठवतात. इंग्लंड-वेल्सच्या सरकारी यादीत 2018 साली आर्थर 1920 च्या दशकानंतर प्रथमच पहिल्या दहांत आलं. अमेरिकेत एमा हे नाव 1880 मध्ये तिसरं होतं, मग पार मागे पडलं, आणि 2014 ते 2018 सलग पहिलं राहिलं. लिंडा मात्र 1947 पासून काही वर्षं पहिलं होतं, ते अजून आज्यांचंच आहे. बहुधा त्याची पाळी यायची आहे.

रूपाली

म्हणजे आमचा नंबर नातवंडांच्या नातवंडांना! लेक म्हणते, "आई, तुझं नाव काकूंचं आहे." बरोबरच आहे तिचं, रूपाली, वैशाली, मनीषा सगळ्या आता काकूच आहेत. पण आमच्या आयांनी ही नावं हौसेने, नवीन म्हणून निवडली होती. आजेसासूचं नाव चालवायचं नाही, हे ठरवायला त्या काळी धाडस लागलं असणार. त्यामुळे मला माझं नाव जुनं झालं तरी प्रिय आहे.

रमाचा बाबा

धागाकर्तीसाठी दोन कामाच्या गोष्टी. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदपत्रांवर महाराष्ट्रात बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव असा क्रम आहे. आम्ही आवडलेली सगळी नावं या क्रमाने मोठ्याने वाचून बघितली. भागीरथी आईच्या नावाशेजारी फार लांबलं, रमा नीट बसलं. दुसरं, दवाखान्यातून निघताना नाव ठरलंच पाहिजे असं नाही. जन्माची नोंद नावाशिवाय होते, आणि नोंदणीपासून 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं. तेव्हा आईंना आणि बहिणीला भांडायला वेळ आहे.