बायबलमधल्या मीखा ६:८ वर चार बैठका आहेत, कृती काय द्यावी?

घरसंगती_कोल्हापूर
जय ख्रिस्त. उपवासकाळात (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) दर शुक्रवारी घरोघरी बैठक आहे. दहा-बारा कुटुंबं, बरेचसे नोकरदार, दोघांची शिरोलीत फौंड्री, एकाची करवीर तालुक्यात शेती. न्यायानं वागणं, दयेची आवड धरणं, देवासमोर नम्रतेनं चालणं यावर बोलून होतं, चहा-पोहे होतात आणि न्याय तिथंच राहतो. घरी जाऊन करता येईल असं काय सांगावं?

वहीतला_हिशेब
पहिली बैठक फक्त मजुरीवर घ्या. लेवीय १९:१३ म्हणतं, मजुराची मजुरी सकाळपर्यंत जवळ ठेवू नको. बायबलमधल्याच ‘अनुवाद’ या पुस्तकात २४:१५ कारणही देतं: तो गरीब आहे, त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो.

प्रत्येकानं वहीत एक पान आखावं. नाव, ठरलेली रक्कम, द्यायची तारीख, प्रत्यक्ष दिलेली तारीख, उचल. धुणंभांडीवाल्या मावशी, ड्रायव्हर, पेपरवाला, इस्त्रीवाला, सगळे. मागच्या तीन महिन्यांच्या तारखा आठवून भरा. दोन तारखांच्या रकान्यांतला फरक वाचायलाच जड जातो.

घोळ होतो तो उचलीत. पगार ४,००० आणि उचल ५,०००. ती एकदम कापली तर महिना कोरा जातो आणि मावशी व्याजानं पैसे काढतात. १,००० प्रमाणे पाच हप्ते आधी ठरवा, वहीत तिच्यासमोर लिहा. आठवड्याची सुट्टी आणि आजारपणाचे दिवसही तेव्हाच ठरवा, नाहीतर दर वेळी मेहेरबानी होते. फौंड्रीवाल्यांना वेगळं सांगा: पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, ओव्हरटाइमला दुप्पट दर. हा कायदाच आहे, दानधर्म नव्हे. पगार थकवून दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग मंडळीला) वेळेवर भरणाऱ्यानं याकोब ५:४ मोठ्यानं वाचावं: अडकवलेली मजुरी ओरडते आहे, असं ते म्हणतं.

सरवा
शेतीवाल्यांना लेवीय १९:९ द्या. शेताच्या कडेपर्यंत कापू नको, सरवा (कापणीनंतर शेतात पडून राहिलेलं) वेचू नको. आपल्याकडं भुईमूग काढल्यावर मातीत शेंगा राहतातच. त्या कामगारांकडून वेचून घेऊन मग ‘गरिबांना वाटल्या’ तर वचनाचा अर्थच उलटा होतो. तिथं मालक वाटत नाही, वेचणारा स्वतः येऊन घेतो, कारण तो त्याचा हिस्सा आहे. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या, त्याही हिस्सा म्हणून. कोल्हापुरात हे समजवायला फार वेळ लागू नये.

पंच_नाही_साधा_सभासद
प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात मत्तय ५:२३-२४ घ्या: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर. पायऱ्या मत्तय १८ मध्ये आहेत. आधी एकट्यानं भेटायचं, मग एक-दोन साक्षीदार, मग मंडळी. आपल्यात पहिली पायरी गाळून थेट व्हॉट्सअॅप ग्रुपवर तक्रार पडते, मग माघार घेणं म्हणजे नाक कापल्यासारखं होतं.

एक मात्र बजावून सांगा. घरात मारहाण होत असेल तिथं या पायऱ्या लावू नका. बाईला नवऱ्यासमोर एकटं बसवून ‘क्षमा कर’ म्हणणं धोक्याचं आहे. आधी तिला सुरक्षित जागा, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन. मूल असेल तर बाल हेल्पलाइन १०९८. पाळकांची प्रार्थना त्यानंतर.

घरसंगती_कोल्हापूर
@वहीतला_हिशेब, मावशींची सरकारी नोंदणी होते म्हणतात. आमच्यातले काही जण सही करायला कचरतात, उगाच कागदावर नाव नको म्हणून.

वहीतला_हिशेब
होते. २००८ च्या कायद्यानं घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे, वय १८ ते ६०. वयाचा पुरावा, फोटो आणि घरमालकाचा दाखला लागतो. अडतं ते दाखल्यापाशीच. एका ओळीचा असतो: या आमच्याकडे घरकाम करतात. दुसऱ्या बैठकीला कोरे कागद आणि पेन घेऊन जा, तिथंच लिहून घ्या. ‘घरी जाऊन देतो’ म्हणणारा देत नाही.